माझी बारीक धार

मित्रांनो, मी सफ्रू गावातली एक जुनी पितळी झारी आहे. फेस शहरातल्या तांबटाने मला ठोकून घडवलं. खाली तस्त, वर मी. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायचं. दोन थेंब पडले की पाहुणा म्हणणार, "बस, बस!" जास्त पाणी घेणं हावरटपणाचं. माझी धार बारीक, म्हणून माझं कोण कौतुक! मीही फुगायची.

हिबाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तिच्या आत्याला, तामूला, जिला सगळे मानाने 'लल्ला' म्हणत, जुलाब आणि उलट्या झाल्या. साखरपुड्याच्या सकाळी जुलाब थांबले.

"आत्या, डॉक्टरकडे जाऊ या का?" हिबाने विचारलं.

"हळू बोल गं! या वयात पोराटोरांचं दुखणं? व्याही हसतील."

आमच्याकडे गोल पाव मोडून सगळ्यांपुढे ठेवायचा मान घरच्या मोठ्या बाईचा. जेवणाच्या वेळी माझी धार आत्याच्या बोटांवरून नुसती घसरली, आणि तिने पाव मोडला.

मग व्याह्यांकडचे सगळे जुलाब-उलट्यांनी आडवे झाले. हिबासुद्धा. नवऱ्या मुलाची आई, हज करून आलेली हाज्जा रकिया, गावभर म्हणाली, "त्या यामनाचं मटण नासकं!" यामना लग्नकार्यांत रांधून पोट भरायची. ठरलेली कामं सुटू लागली. ती दारात आली.

"लल्ला, बकरा माझ्या डोळ्यांदेखत कापला होता. तुम्ही तरी सांगा!"

आत्या मान फिरवून आत गेली. पितळ लाजेने काळं पडत असतं, तर मी तेव्हाच कोळसा झाले असते.

हिबा दवाखान्यातून आली. "आत्या, डॉक्टरीणबाई म्हणतात, हा विषाणू आहे. मोठ्यांनाही गाठतो. जुलाब थांबले तरी दोन-तीन दिवस दुसऱ्यांना लागतो. साबणाने नीट हात धुवायचे, आणि तोवर कुणाला वाढायचं नाही."

शुक्रवारी व्याही कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याचं जेवण, जेवायला आले.

"आज कुणी रांधलंय? विचारलेलं बरं!" हाज्जाने टोमणा मारला.

आत्याने हात मांडीवर ठेवले. "यामनाने. तेव्हाही मटण चांगलंच होतं, हाज्जा. बिघडलं होतं माझं पोट. त्याच हातांनी मी तुम्हाला पाव दिला, आणि दोष तिच्यावर जाऊ दिला."

हाज्जाने कपाळावर हात मारला.

"अगं बये," ती म्हणाली, "आणि मी संडासात बसून यामनाला शिव्या देत होते!"

यामना साबण घेऊन बाहेर आली. तिने मला उचललं. "हात पुढे करा, लल्ला."

"बस," आत्या पुटपुटली.

"मी सांगेन तेव्हा बस."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तळापर्यंत रिकामी झाले.

मित्रांनो, पोट बिघडलं तर लाजू नका, सांगा. आणि मला नाही घासलंत तरी चालेल, हात घासा.