हातचं राखलेलं

लाँड्रीत तिला सगळे थोरली म्हणत, कारण तिची धाकटी जाऊही तिथेच कपड्यांच्या घड्या घालायला होती. वाफेच्या इस्त्रीचं मोठं मशीन थोरलीइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि तेवढ्यावरच तिची नोकरी उभी होती. म्हणून मालकाने नवं खूळ काढलं तेव्हा ती धास्तावली. ज्याला जे येतं ते त्याने कॅमेऱ्यासमोर सांगायचं. मग कुणीही कुठल्याही मशीनवर उभं राहील. म्हणजे थोरली हवीच कशाला?

तिने सांगितलं, पण हातचं राखून. नळीत टकटक झाली की झाकण उघडायचं नाही, आधी मागची तोटी सोडायची, नाहीतर वाफ थेट तोंडावर येते. एवढं एकच तिने गिळलं. म्हटलं, अडेल तेव्हा येतील की माझ्याकडे.

अडायच्या आधीच मुकादमाने कामं फिरवली. थोरलीला घड्यांच्या टेबलावर धाडलं आणि मशीनवर, व्हिडिओ दाखवून, उभं केलं धाकटीला. आता काय करावं बाईने? सांगावं तर लबाडी उघडी पडते, गप्प बसावं तर घरच्याच पोरीचं तोंड भाजतं. सकाळभर तिची एक घडी धड पडेना, सगळा जीव त्या नळीकडे.

जेवणाच्या सुट्टीत तिने धाकटीला नळावर गाठलं आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

धाकटी डबा विसळत राहिली. "मला ठाऊक आहे, ताई. टकटक झाली की तुमचा हात आधी मागे जातो, रोज बघते मी." मग हळूच म्हणाली, "मीही कुणाला बोलले नाही. मलाही नोकरी हवीच आहे ना."

थोरलीला इतकं हायसं वाटलं की रडूच यायचं बाकी होतं. तोच आतून टकटक ऐकू आली आणि दोघी आत धावल्या.

नव्या पद्धतीत मशीन सुट्टीतही थांबत नसे, जो मोकळा असेल त्याने उभं राहायचं. आज मोकळा होता खुद्द मुकादम. त्याचा हात झाकणावर होता.

"झाकण उघडू नका! आधी मागची तोटी!" दोघी एकदमच ओरडल्या.

मुकादमाने दचकून हात मागे घेतला, तोटी सोडली. वाफ फुसकन भिंतीकडे निघून गेली. केबिनच्या दारात मालक येऊन उभा राहिला होता.

"हे व्हिडिओत नव्हतं," मुकादम म्हणाला.

जावा एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. कुणीच कुणाचा सोडेना.