दुर्बीणबाबाच्या दिव्याखालचे चोर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर दुर्बीणबाबाने टेलरमास्तरांचं बोट टोचलं, थेंब काचेवर घेतला, तापल्या दिव्याखाली ठेवला आणि प्रवचन सुरू केलं. ते संपता संपेना! शेवटी काच सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली गेली, आणि मोठ्या पडद्यावर काटेरी, वाकड्यातिकड्या गोळ्यांची झुंबड दिसली.

"हेच कर्करोगाचे चोर!" बाबा गरजला. "फुप्फुसातली गाठ सोडून रक्तात हिंडतायत मेले!"

मास्तरांना दरदरून घाम फुटला. हॉस्पिटलनेही तेच सांगितलं होतं: गाठीच्या काही पेशी रक्तात सापडल्यात, उद्यापासून इंजेक्शनं.

बाबाने त्यांच्या जिभेवर 'अमृत' सोडलं, पुन्हा बोट टोचलं आणि या खेपेला झटपट काच सरकवली. पडद्यावर सगळं गोल, गुळगुळीत! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सुटलो गं! आता कशाला हवीत इंजेक्शनं?" मास्तर मंचावरच शेजारी बसलेल्या पुतणीला म्हणाले. ती रक्त तपासणारी डॉक्टर. काकांना एकटं सोडायला नको म्हणून आलेली. ती ताडकन उठली.

"बाबा, माझंही बघा. मी ठणठणीत आहे. पण दिवा तोच आणि प्रवचनही तेवढंच लांब हवं हं!"

बाबा चुळबुळला. "होऊन जाऊ दे!" लोक ओरडले. झालं! तिच्याही थेंबात तेच काटेरी चोर.

"अरेरे, पोरी, तुलाही रोग!"

"थांबा. आता अमृत नको, प्रवचनही नको." तिने स्वतःचाच ताजा थेंब घेतला, वर पातळ काच ठेवली आणि लगेच पडद्यावर दाखवला. सगळं गुळगुळीत! "रक्त सुकायला लागलं की चांगल्या लाल पेशीच अशा काटेरी होतात. हे चोर रक्तातले नाहीत, दिव्याखालचे आहेत."

सभागृह हसून लोटपोट झालं. मास्तर मात्र हसले नाहीत.

"म्हणजे माझ्या त्या पेशी अजून आहेतच?"

"असतील, काका. अब्जावधी लाल पेशींत त्या इनमीन चार-दोन. अशा थेंबात दिसतही नाहीत. त्या शोधायला वेगळी तपासणी लागते. त्यांचा आकडा म्हणजे आजार कुठे चाललाय, याचा अंदाज. फाशीचा हुकूम नव्हे. उपचार तेवढे चुकवू नका."

बाबा दुर्बिणीची वायर गुंडाळू लागला. मास्तरांनी माइक हिसकावला.

"मला मरायची भीती वाटते. म्हणूनच टाळ्या वाजवत होतो. तुम्हालाही वाटत असेल, त्यात लाज कसली? पण घाबरलात तरी प्रश्न विचारा, बाबांनो. मी उद्या इंजेक्शन घ्यायला जातोय."