ओल्या फडक्यातले एकतीस

मी एक जुना थर्मामीटर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, ताप बघायला काखेत धरतात तो मी नव्हे. तो माझा धाकटा, लाडावलेला भाऊ. त्याच्याकडे नजर गेली की घरातली माणसे धावपळ करतात, डॉक्टरांना बोलावतात, कपाळावर पट्ट्या ठेवतात. मी मात्र भिंतीवर टांगायचा. मला बघून माणसे "बाप रे!" म्हणतात आणि पुन्हा कामाला लागतात. माझी सगळी कर्मकथा या एका "बाप रे"मध्ये आली. तरीही ऐकायचीच असेल तर सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईने माझी काचेची नळी बर्फात बुडवली आणि लाल रेघ जिथे थांबली तिथे शून्याची खूण केली. मग बरोबर पन्नास अंशांवर ठेवलेल्या गरम पाण्यात बुडवून पन्नासची खूण केली. मधल्या खुणा तिने मोजून रंगवल्या आणि मला लाकडी पट्टीवर बसवले. माझ्या शेजारचा थर्मामीटर एक अंश कमी दाखवत होता. तिने त्याला सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी त्याचा धसकाच घेतला. खोटे बोलायचे नाही, हे तेव्हापासून अंगात मुरले. खरे बोलणाऱ्याची किंमत किती असते, ते पुढे लाँड्रीत कळले.

ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचे इस्त्रीचे दुकान नव्हे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल इथे गाड्या भरून येतात. एका बाजूला धुण्याची यंत्रे आहेत, मध्ये गॅसवर चालणारे चार ड्रायर आणि पलीकडे इस्त्रीचा भलामोठा तापलेला रूळ. ओलसर चादर एकीकडून आत घालायची, दुसरीकडून ती कडक होऊन बाहेर येते. मॅनेजरने मला आधी आपल्या केबिनच्या दाराशी टांगले. तिथे एसीची गार झुळूक यायची. मी बापडा सव्वीस दाखवायचो आणि तोच आकडा रोज फॉर्मवर चढायचा. स्वतः खोटे न बोलताही खोट्याला हातभार लावता येतो, हे मी तिथे शिकलो. पुढे, काम चालते तिथेच थर्मामीटर हवा, असा नियम आला. मग मला ड्रायर आणि रूळ यांच्यामधल्या खांबावर ठोकण्यात आले.

पहिल्या उन्हाळ्यात मी चौतीस दाखवले. तेव्हाही लोक "बाप रे" म्हणाले. नंतर छत्तीस झाले, अडतीस झाले. बाहेरचे ऊन दरवर्षी वाढत होते आणि आत दोनाचे चार ड्रायर झाले होते. पंधराव्या उन्हाळ्यात मी एकेचाळीस दाखवले. तुम्हीच सांगा, ज्या दिवशी अंगणात टाकलेले कापड अर्ध्या तासात खडखडीत वाळते, त्या दिवशी आत गॅस जाळून कपडे वाळवायचे, ही कुठली अक्कल? पण थर्मामीटरला कोण विचारतो!

रुळावर मावशी काम करायची. ती खरी मावशी एकाच मुलीची, घड्या घालणाऱ्या भाचीची. पण सगळी लाँड्री तिला मावशीच म्हणायची. एका दुपारी चादर आत सरकवता सरकवता घेरी येऊन मावशीचा तोल गेला आणि ती पुढे, तापलेल्या रुळावरच झुकली. भाचीने कमरेला मिठी घालून तिला मागे ओढले, म्हणून निभावले.

मॅनेजर धावत आला. "पाणी पीत नाही तुम्ही बायका," तो म्हणाला.

"पिऊ की साहेब," भाची उसळली. "पण मग बाथरूमला जावं लागतं, आणि तुम्ही दारात घड्याळ बघत उभे असता."

पुन्हा घेरी आली आणि धरायला कोणी नसले तर काय होईल, ते सगळ्यांना कळत होते. पंधरा मिनिटांनी रूळ पुन्हा सुरू झाला आणि मावशी पुन्हा रुळावर.

भाचीने मात्र हट्टाने सरकारी कचेरीत तक्रार दिली. दोन महिने कोणी फिरकले नाही. एकदाचा तपासणीचा दिवस उजाडला आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा घोटाळा झाला. तो कोणी केला? मावशीनेच! सकाळी ती माझ्याकडे बघून हळहळली. "आमच्यासोबत रोज भाजतोय बिचारा. आज पाहुणे यायचेत, जरा गार राहू दे त्यालाही." आणि तिने एक फडके पाण्यातून पिळून माझ्या पोटाशी, लाल थेंबाभोवती, छान गुंडाळले.

अगं मावशी, असे करू नकोस, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? माझी रेघ एकेचाळीसवरून सर्रकन उतरली ती थेट एकतीसवर.

तपासनीस आला. भलताच काटेकोर माणूस. चष्मा वर करून त्याने मला वाचले आणि वहीत लिहिले, 'तापमान एकतीस. मर्यादेत.' शेरा लिहायची जागा उरली होती म्हणून पुढे लिहिले, 'थर्मामीटरला ओले फडके गुंडाळलेले आढळले. स्वच्छता समाधानकारक.' खाली सही ठोकली आणि सही-शिक्क्याची एक प्रत तक्रारदार म्हणून भाचीच्या हातात दिली. मॅनेजरने त्याला दारापर्यंत हसतमुखाने पोहोचवले.

त्या दिवशी मावशीला सगळ्यांनी फैलावर घेतले. ड्रायर सांभाळणारे आप्पा तर म्हणाले, "एवढी दया येत होती तर त्याला घरीच न्यायचं होतंस!" मावशीने फडके सोडून घेतले आणि ती रुळाकडे वळली. मला तिचा राग आला होता आणि तिच्याविषयी वाईटही वाटत होते. माझे जन्मभराचे खरे बोलणे एका प्रेमळ बाईने मातीत घातले होते.

मग आठवडाभराने मला सहल घडली. लाँड्रीजवळच्या वस्तीत हवामानासाठी काम करणारा एक गट होता. वाचनालयाच्या खोलीत त्यांची सभा भरायची. भाचीने मला खांबावरून काढले, पिशवीत घातले आणि मावशीला व आप्पांना ओढत तिथे नेले. मी मोठ्या आशेने पिशवीतून डोके काढले. भिंतीवर वितळणाऱ्या बर्फाची सुंदर चित्रे होती. सभेत मात्र गटाचे नाव ठरत होते. निसर्गाची लूट आणि माणसाची लूट एकच मालक करतो, यावर सगळ्यांचे एकमत होते. भांडण एवढेच, की नावात 'समाजवादी' आधी घालायचे की 'पर्यावरणवादी'. पाऊण तास! मी काचेचा नसतो तर तिथेच डोके आपटून घेतले असते.

शेवटी भाची उठली. "तुमचं नाव ठरेपर्यंत माझी मावशी रुळावर पडेल," ती म्हणाली आणि तिने सगळी हकिकत सांगितली. फडक्याची गोष्ट निघाल्यावर दोघे-तिघे हसले. मागच्या बाकावरचे, विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर मात्र ताडकन उभे राहिले.

"ओलं फडकं? आणि तरीही एकतीस?"

"हो. माझ्याच मूर्खपणानं," मावशी पुटपुटली.

"मावशी, मूर्खपणा कसला! अहो, घाम आल्यावर आपलं अंग म्हणजे ओलं फडकंच. घाम वाळतो म्हणून आपण गार होतो. फडकं ओलं असूनही पारा एकतीसच्या खाली जात नाही, म्हणजे त्या दमट हवेत तुमचा घामही धड वाळत नाही. तिथे उभं राहून इस्त्री करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि हे तपासनीसानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय?"

भाचीने कागद पुढे केला. मावशी माझ्याकडे बघत राहिली, आणि आठवड्याभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले. (सर, माझ्यात पारा नाही, रंगीत स्पिरिट आहे. पण त्या दिवशी मी तेवढे माफ केले.)

"मग ड्रायर बंद करा, अशी मागणी करू," गटातला एकजण म्हणाला.

"ड्रायर बंद म्हणजे मी बंद," आप्पा भडकले. "तुमचं हवामान सुधारेल, माझी चूल विझेल त्याचं काय?"

पुन्हा गलका सुरू झाला. तेव्हा मावशी म्हणाली, "गच्ची आहे ना आपल्याला? बाहेर एवढं ऊन पडलंय. उन्हाळ्यात चादरी वर वाळवू, पहाटे कामाला येऊ, भर दुपारी बारा ते चार थांबू. आप्पा वरचं बघतील. ड्रायर कधी लावायचा ते केबिनमध्ये का ठरावं? भाजतो ते आम्ही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा "बाप रे"च्या पुढचे काहीतरी ऐकले.

मी खांबावर परतलो. कामगार आणि गट, दोघांनी मिळून अर्ज दिला. मॅनेजरने उत्तर धाडले, की नियमात ओल्या फडक्याचा उल्लेख नाही. कचेरीतूनही तेच उत्तर. मग एका सोमवारी कामगारांनीच ड्रायर लावले नाहीत. आप्पांनी गच्चीवर दोऱ्या बांधल्या. गटातली वीसेक मुले-मुली जिन्यावर रांगेत उभी राहिली आणि चादरी हातोहात वर गेल्या. गाडी वेळेवर भरली. मी पस्तीस दाखवले! लाँड्रीच्या मालकाने चार दिवस आदळआपट केली, गॅस वाचल्याचे पाहून पाचव्या दिवशी हात टेकले. उन्हाळा संपेपर्यंत प्रयोग म्हणून परवानगी मिळाली.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. मलाही तसेच वाटले. पण कौतुकाने घात केला. गटाने मला प्रदर्शनासाठी मागून नेले. 'चळवळीचा साक्षीदार' अशी पाटी लावून काचेच्या कपाटात ठेवले. लोक यायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे, डोळे पुसायचे. प्रदर्शन एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात गेले. पुढचा उन्हाळा आला. प्रयोगाची मुदत संपली आहे, असे म्हणून मालकाने ड्रायर पुन्हा लावले. भाचीने गटाला तीन निरोप पाठवले. पण गटात नावावरून फूट पडली होती, आणि दोन्ही बाजू मी कोणाचा यावर भांडत होत्या. मला कोणाचेच व्हायचे नव्हते. मला माझ्या खांबावर जायचे होते.

परवा संध्याकाळी मावशी आली. थेट कामावरून, हातावर भाजल्याचा ताजा चट्टा घेऊन. कपाटाजवळ सर उभे होते. तिने माझ्याकडे निरखून पाहिले.

"किती दाखवतोय हो?"

"बावीस, मावशी. एसी आहे ना इथे," सर कौतुकाने म्हणाले.

"आणि आमच्याकडे किती आहे?"

सर माझी पाटी सरळ करू लागले.

"सांगा ना. काल मी पुन्हा पडता पडता राहिले. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, कशावरून गरम आहे? ज्यानं मोजायचं त्याला तुम्ही इथे कपाटात घालून बसलात." मावशीने कपाटाच्या काचेवर बोट टेकवले. "फडकं गुंडाळून मी एकदाच चूक केली. तुम्ही तर त्याला पार गार करून टाकलंत."

सरांनी किल्ली काढली. मान खाली घालून मला तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "मावशी, उद्या आम्ही मोठी सभा लावतो."

"सभा नको. माणसं आणा. बाराच्या आत."

काल मी पुन्हा खांबावर आलो. अकरा वाजता एकेचाळीस झाले. मावशीने स्वतः माझ्या पोटाशी ओले फडके बांधले आणि भाचीने आकडा वहीत लिहिला. बत्तीस. आप्पांनी सकाळपासून चालू असलेले ड्रायर बंद केले. दोनशे चादरी धुऊन तयार होत्या. मावशी दाराकडे बघत होती. बाराला पाच कमी असताना सर आले. एकटेच. धापा टाकत त्यांनी पहिली टोपली उचलली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी मी 'मला जपा' असे म्हणायचे असते. मला जपू नका. माझे जपून जपून पुरे झाले. माझ्याकडे बघून "बाप रे"ही म्हणू नका. मी आकडा सांगू शकतो, चादर उचलू शकत नाही. उद्याही दोनशे चादरी आहेत. बाराच्या आत या. दारातून आत आल्यावर जिना डाव्या हाताला आहे.