गुलोजीचा हात

“याले देव म्हनू का रे उखर्डू? थू!” झुंबरबाईंनी पदर नाकाला लावला, जणू पाटावर कोणी मेलेली घूसच आणून ठेवली होती.

संध्याकाळी गुलाबाईची मातीची मूर्ती बसायची होती. असोद्यातल्या गल्लीभरच्या पोरी महिनाभर झुंबरबाईंच्याच ओट्यावर गाणी म्हणत. तो मान दुसऱ्या घरी गेलेला त्यांना खपला नसता. आणि उखर्डू कुंभाराने आणलं काय, तर मिठीतले नवरा-बायको! दरसाल गुलाबाई आणि तिचा गुलोजी शेजारी शेजारी, समोर तोंड करून शहाण्यासारखे बसत. यंदा ती त्याच्या छातीला टेकलेली, त्याचा हात तिच्या पाठीवर.

“अक्का, गेल्या साली वाटेत हात मोडला,” उखर्डू म्हणाला. “तुमीच बोल्ल्या, थोटा देव घरात नको. म्हनून औंदा हात टेकवला.”

“हात टेकवाले सांगतलं होतं, अंगावर पडाले नही! माही सून पाह्यीन, गल्लीच्या पोरी पाह्यतीन.”

सून सुनंदा दाराआड उभी होती. नवऱ्याने, लीलाधरने, दिवसा तिला नुसती हाक मारली, तरी झुंबरबाई ताट सारून उठत, असं ते घर.

“सुरी आन वं. दोघं वेगळे करते.”

“करा. पन एकच गोळा हाये, अक्का. तिले पाठ राह्यनार नही.”

सुरी घेऊन त्या वाकल्या. मेल्याला नाकं जमली नव्हती, डोळे कवड्यांसारखे, बोटंही धड कोरलेली नव्हती. पण तो हात ठेवलेला नव्हता, पडलेला होता. त्याच्या भाराने गुलाबाईची पाठ किंचित आत गेली होती.

मानमोडी तापाच्या साथीत पाणी पाजायला त्यांनी मालकांना उठवून बसवलं, तेव्हा असाच एक हात त्यांच्या पाठीवर येऊन पडला होता. साऱ्या संसारात तेवढा एकदाच. पाणी ओठांवरूनच परत आलं.

सुरी त्यांनी खाली ठेवली.

“किळस येते मले. पुढच्या साली असं आनलं तं उकिरड्यावर फेकीन.”

उखर्डू गेला. त्यांनी पेटीतून मालकांचं उपरणं काढलं आणि दोघांना गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळलं.

संध्याकाळी पोरींनी गाणं धरलं. झुंबरबाई मध्येच उठल्या, उपरणं ओढून नीट केलं, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मागच्या दिव्याच्या उजेडात पाठीवरच्या हाताचा उंचवटा काही केल्या लपेना.

“सुनंदे, दिवा पुढं घे,” त्या खेकसल्या. “मांगून उजेड नको.”