एका हाताला एकच पाय

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, हातभर लांब, एका टोकाला घासून गोल केलेली. पाण्यावर तरंगायचं, एवढंच माझं काम. पण ज्या दिवसापासून मी सांगणार आहे त्या दिवशी मी तरंगत नव्हते. माझं एक टोक तलावाच्या पाण्यात बुडवलेलं होतं आणि दुसऱ्या टोकावर सुभेदार कृष्णात एका गोट्याने ठोके देत होते. ऑगस्टमधला शेवटचा रविवार होता तो. त्यांच्या घरातला शेवटचा साधा दिवसही तोच, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दिल्ली कॅन्टोन्मेंटमधला पोहण्याचा तलाव, सकाळचे साडेसहा, आणि अंगाला चिकटणारी हवा. पाण्यात गिरिजा होती, सुभेदारांची एकुलती एक मुलगी. वय चौतीस, नोकरी गुडगावला. डिसेंबरात कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रात पाच किलोमीटर पोहण्याची स्पर्धा होती, तिथे तिने नाव दिलं होतं. हात तिचे उत्तम चालत. पण दीड किलोमीटर झाला की पाय जड व्हायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, कंबर खाली जायची. ती पाय फार मारत होती आणि चुकीच्या वेळी मारत होती.

"एका हाताला एकच पाय," सुभेदार म्हणाले. "उजवा हात पुढे पडला की डावा पाय. एकदाच मारायचा आणि गप्प राहायचं. मग डावा हात, उजवा पाय."

"तेच करतेय, बाबा."

"तू उजव्याला उजवा मारतेस."

"तुम्हाला वरून कसं दिसतं?"

"आयुष्यभर पोरांना कदमताल शिकवलाय. पाठ बघून कळतं. आमच्या पलटणीत असाच एक होता, उजव्या हाताला उजवा पाय. समजावून सांगितलं की आणखी बिघडायचा. शेवटी लंगरमध्ये टाकला त्याला."

"मग मलाही टाका. बसून कांदे तरी चिरेन."

"तुझे चिरलेले कांदे बघितलेत मी. चल, चार फेऱ्या."

खरं म्हणजे रस्त्याने चालताना तुम्ही सगळे हे बरोबरच करता. उजवा हात पुढे जातो तेव्हा डावा पाय पुढे जातो, आणि कुणी शिकवावं लागत नाही. पाण्यात आडवं झालं की माणूस विचार करू लागतो आणि चुकतो. बरोबर वेळी पाय पडला तर कंबर आपोआप वळते, हात लांब जातो आणि पाय उरलेला वेळ विश्रांती घेतात. लांब पोहायचं तर ही विश्रांतीच कामाला येते.

ठोके माझ्यावर द्यायची युक्ती सुभेदारांची. पाण्यात कान बुडालेला असला तरी लाकडातून पाण्यात उतरलेला आवाज ऐकू येतो. प्रत्येक हाताला एक ठोका. त्यासाठी त्यांना काठावर एक गुडघा टेकून वाकावं लागे. बसायचं नाही, हा त्यांचा नियम होता. शिकणारा पाण्यात असेपर्यंत शिकवणाऱ्याने बसायचं नाही. हा नियम त्यांनी पलटणीतून आणला होता आणि एकाहत्तराव्या वर्षीही मोडला नव्हता.

त्या दिवशी दुसऱ्या फेरीनंतर ठोके विस्कटले. गोटा माझ्यावरून दोनदा घसरला. सुभेदारांनी डावा तळवा छातीशी नेला आणि मग सहज केल्यासारखा गुडघ्यावर ठेवला. त्यांचा श्वास मला माझ्या लाकडातून जाणवत होता, आखूड आखूड. गिरिजा भिंतीला हात लावून थांबली. तिने गॉगल कपाळावर ढकलला आणि वडिलांकडे पाहिलं. नीट पाहिलं. तोंड उघडलं.

"दोन राहिल्या ना?" ती म्हणाली.

"दोन," ते म्हणाले.

तिने गॉगल खाली ओढला.

आता थोडं माझ्याविषयी सांगते. कागलजवळच्या एका मळ्याच्या बांधावर मी झाड होते. अंगावर काटे, माघ-फाल्गुनात लालभडक फुलं. आमचं लाकूड चुलीलाही फारसं चालत नाही, पण पाण्यात बुडत नाही. त्या भागातली मुलं आमचा ओंडका कमरेला बांधून विहिरीत पोहायला शिकतात. कृष्णातही तसेच शिकले. पुढे फौजेत गेले, पोहण्याचे उस्ताद झाले, दिल्लीला बदलून आले. गिरिजा सहा वर्षांची झाली तेव्हा सुट्टीवरून परतताना त्यांनी गावच्या सुताराकडून मला कापून घेतलं, आणि लोखंडी ट्रंकेत घोंगडीखाली घालून रेल्वेने इथे आणलं.

तलावावर इतर मुलांकडे निळ्या-पिवळ्या फोमच्या फळ्या होत्या. मी तपकिरी, जड दिसणारी, तेलाच्या वासाची. गिरिजाने मला पाहून विचारलं, "बाबा, ही कसली आहे?"

"पांगाऱ्याची."

दिल्लीत वाढलेल्या पोरीने पांगारा कुठून पाहिलेला असणार? संध्याकाळी ती आईला म्हणाली, "बाबांनी माझ्यासाठी पांगळी फळी आणली. पण अच्छी आहे, तिला पाय नको असतात." सुभेदार हसून हसून खोकू लागले. तेव्हापासून माझं नाव पांगळी पडलं. मला वाईट वाटलं नाही. हाक मारायला नाव असलं म्हणजे आपण घरातले झालो.

पुढची दहा वर्षं माझी कामाची. गिरिजा मला दोन्ही हातांनी पुढे धरायची आणि पायांनी पाणी उडवत तलावभर जायची. पन्नास मीटरच्या शर्यतीत तिने बक्षिसं आणली. लोक म्हणत, या मुलीचे पाय म्हणजे मशीन. मला अभिमान वाटायचा.

आज मात्र मला दुसरंच दिसतं, मित्रांनो. मला धरलं की हात स्थिर राहतात आणि पाय एकटेच धावतात. हाताचं आणि पायाचं बोलणं मीच तोडलं होतं. पन्नास मीटरला ते खपलं, पाच किलोमीटरला खपेना. जे मी तिला शिकवलं तेच तिला विसरावं लागत होतं.

कॉलेज, नोकरी अशी वर्षं गेली. मी दिल्लीतल्याच पालमच्या घरात बाल्कनीत पडून होते. माझ्यावर कुंड्या ठेवल्या, एकदा आईंनी पापडही वाळवले. दोन वर्षांपूर्वी गिरिजा पुन्हा पोहू लागली तेव्हा सुभेदारांनी मला पुसून काढलं, तेल लावलं. आम्ही दोघंही थकलो होतो, पण बोलावणं आलं की उठायचं, हे दोघांनाही अंगवळणी पडलेलं.

त्या रविवारनंतरचा सोमवार मी पाहिला नाही. मी गाडीच्या डिकीत होते, छत्री आणि जुन्या चपलांच्या शेजारी. सुभेदार दुपारी चहा पिता पिता गेले, हे मला नंतर समजलं. गाडी खूप वेळा सुरू झाली, खूप वेळा बंद झाली. त्या दिवसांत मागच्या सीटच्या पलीकडून मी एक संवाद ऐकला.

"आदल्या दिवशी त्यांना काही त्रास होत होता का गं?" आईंनी विचारलं.

गाडी सिग्नलला उभी असावी. मागून हॉर्न वाजले तेव्हा ती हलली.

"नाही," गिरिजा म्हणाली.

आईंनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या एका शब्दाचं ओझं डिकीतल्या सामानात भरलं गेलं, असं मला वाटलं. माझं लाकूड हलकं, तरी त्या दिवसापासून मला जड वाटू लागलं.

सप्टेंबर संपत आला. तलाव हिवाळ्यासाठी बंद व्हायला चार दिवस उरले होते. गिरिजाची ऑफिसातली मैत्रीण निधी तिला जवळजवळ ओढूनच घेऊन आली. निधी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली. तिचं मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत वळतं.

"मी देते ना ठोके. बिल्कुल सोपं आहे, यार," असं म्हणत ती काठावर ऐसपैस मांडी घालून बसली.

तिचे ठोके म्हणजे लग्नातला ढोल. गिरिजा अर्ध्या तलावात थांबली.

"निधी, मी पोहतेय. वरात नाही काढलेली."

"स्पीड वाढवत होते तुझी."

"राहू दे. पांगळीला तिथेच ठेव आणि चहा पिऊन ये."

निधीने मला काठावर ठेवलं आणि गेली. एक टोक अजून पाण्यात होतं. त्यामुळे पाण्यातलं सगळं मला ऐकू येत होतं.

पहिल्या फेऱ्या वाईट गेल्या. उजव्याला उजवा, मग घाबरून तीन-चार पाय एकदम, मग काहीच नाही. ती थांबेना. दहा झाल्या, वीस झाल्या. तिसाव्या फेरीच्या सुमारास ती इतकी दमली की बरोबर करायचं त्राण तिच्यात उरलं नाही. पाय मागे नुसते तरंगू लागले. आणि मग उजवा हात पुढे पडला आणि डावा पाय एकदाच खाली गेला. शांतता. डावा हात, उजवा पाय. शांतता. माझ्यावर कुणी ठोका देत नव्हतं, तरी माझ्या लाकडात तो ताल येत होता. चाळीस, पन्नास, साठ फेऱ्या. तीन किलोमीटर झाले आणि पोटरीत गोळा आला नाही.

मित्रांनो, मी लाकूड आहे. त्या रविवारी मला सगळं कळलं होतं, पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्यासाठी कुणी उभं असेल तर चालू काम अर्धं सोडून वर बघा. ते माणूस दमलेलं दिसलं तर तसं सांगा, लगेच सांगा. ते रागावेल, नाही म्हणेल. तरी सांगा. आमच्यासारख्या वस्तूंना तेल लावलं नाही तर आम्ही फार तर तडकतो. माणसाचं तसं नसतं.

गिरिजाने भिंतीला हात लावला. गॉगल काढून काठावर ठेवला. समोर ओली फरशी होती, तिथे कुणीही गुडघा टेकलेला नव्हता. तिचा श्वास खालीवर होत होता. दोन्ही हातांनी काठ धरून ती त्या फरशीकडे पाहत राहिली, आणि मग अगदी साध्या आवाजात, घरात बोलावं तसं, बोलली.

"बाबा, त्या दिवशी मला दिसलं होतं. बसा आता."