डावीकडचं पाणी

दादा आजारातून उठला तो थेट दुर्बीण पुसायलाच बसला. दर रविवारी पाणथळीत लोकांना पक्षी दाखवायला नेणं हे त्याचं काम. थंडी सरत आली होती, बदकं आता उत्तरेकडे निघणार. "या रविवारी जातो," म्हणाला. मेंदूतल्या झटक्यानं नजरेची डावी बाजू गेली आहे असं डॉक्टर सांगत होते. दादाच्या मते दोष चष्म्याचा.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "वन्सं, पायवाटेच्या डाव्या अंगाला चिखल आहे, माणूस कमरेपर्यंत जाईल. आणि एवढी माणसं यांच्या भरवशावर? तुम्हीच बरोबर जाऊन यांना कितपत दिसतं ते बघून या. मी तोंड उघडलं की भांडण."

म्हणून सकाळी आम्ही भाऊबहीण तिथल्या लाकडी आडोशात बसलो, फटीला डोळे लावून. तिथं बोट दाखवायचं नसतं, पक्षी बुजतात. दादाची रीत घड्याळाची. समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ.

"दोन वाजता थापट्या," तो कुजबुजला. "चोच बघ, उलथनं नुसतं."

"दिसला."

"एक वाजता तलवार बदकांची जोडी. नवरा नटलाय, बायको धुणं आटपून आल्यासारखी."

"घरोघरी तेच," मी म्हटलं. तो खुदकन हसला.

मग मी धीर केला. "आणि दहा वाजता?"

"दहाला काय? नुसतं पाणी."

दहाला बदकांची झुंबड होती, पाणी दिसायला जागा नव्हती. मी पुन्हा फटीला डोळे लावले.

तेवढ्यात लव्हाळ्यातून कुठलासा मोठा शिकारी पक्षी उठला आणि सगळा थवा एकदम उडाला. पंखांच्या आवाजानं फळ्या थरथरल्या.

दादानं दुर्बीण खाली घेतली. नुसत्या पाण्याला पंख नसतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"खूप होती?"

"खूप."

"बोलली का नाहीस?"

"धीर होईना, दादा."

"लहानपणी आईकडे चहाड्या करताना बरा व्हायचा."

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. तो बराच वेळ काच पुसत राहिला. स्वच्छच होती ती.

"रविवारी लोकांना तू आण."

"मी? मला चिमणीपलीकडे नाव येत नाही!"

"नावं मी इथं बसून सांगीन. तू फक्त किती वाजले ते सांग."

बाहेरचा आवाज हळूहळू निवला.

"परत बसली का गं?"

"बसतायत."

"मग बोल की. एकटीच काय बघतेस!"