माझ्या नावावर खपवलेला 'श'

मी एक जुनी पेशी आहे. कुठे राहते ते लगेच सांगणार नाही. आधी मला खात्री करून घेऊ द्या की तुम्ही खरंच ऐकत आहात, नुसती मान हलवत नाही. नुसती मान हलवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना काही ऐकू आलेलं नसतं आणि ते कबूल करायची तयारीही नसते.

बरं, सांगते. मी एका मिस्त्रीच्या उजव्या कानात राहते. कानात म्हणजे पिळायला सोपी पडते त्या पाळीत नव्हे. पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत, शंखासारखी वळत गेलेली एक नळी असते. तिच्यात पाणी असतं आणि त्या पाण्याकाठी आम्ही रांगेने बसतो. माझ्या डोक्यावर केसांचा एक झुपका आहे. बाहेर आवाज झाला की पाणी हलतं, केस झुकतात आणि मी वर मेंदूला निरोप धाडते. प्रत्येकीचा सूर ठरलेला असतो. नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या बारीक, तीक्ष्ण आवाज टिपतात. शिट्टी, पाखरांची चिवचिव, बोलण्यातले 'स' आणि 'श' त्यांच्याकडे. पार आत बसणाऱ्या ढोलासारखे जाड आवाज घेतात. मी मधली. 'आ', 'ओ' अशा भरदार स्वरांचं काम माझ्याकडे असतं.

मिस्त्री आईच्या पोटात होता तेव्हाच मी घडले. तुमची कातडी झडते आणि नवी येते. आमचं तसं नाही. आमच्यातली एक गेली की तिची जागा कायमची रिकामी राहते. बदली मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी सदा डोळ्यांत तेल घालून बसते, आणि त्यातूनच माझा स्वभाव संशयी झाला. लोक त्याला खोड म्हणतात. मित्रांनो, मी त्याला काम म्हणते.

माझ्या पोटात एक कारखाना आहे. त्याच्या मधोमध एक बंद खोली आहे. तिला केंद्रक म्हणतात. तिथे डीएनए असतो. अख्खा मिस्त्री कसा घडवायचा ते त्याच्यात चारच अक्षरं वापरून लिहिलेलं आहे. नाक, नखं, यकृत, सगळं. आता मी कानात बसून यकृताचं काय करू? पण आहे माझ्याकडे. त्यातली माझ्या कामाची पानं तेवढी उघडतात, बाकीची गुंडाळून ठेवलेली असतात. मूळ मजकूर मात्र खोलीच्या बाहेर कधीच येत नाही. ही व्यवस्था मला पसंत आहे. मूळ चीज कुणाच्या हाती देऊ नये.

बाहेर येते ती नक्कल. तिचं नाव आरएनए. समजा, माझ्या झुपक्यातले केस एकमेकांना बांधणारी दोरी तुटली. ती दोरी प्रथिनाची असते. मग त्या दोरीपुरता मजकूर उघडतो, त्याची नक्कल निघते, तिच्यातले नको ते तुकडे कापले जातात, पुढे एक टोपी बसते आणि मागे शेपूट लागतं. टोपी नसलेली नक्कल दिसली की मला शंका येते. काही विषाणू तर खोटी टोपी घालून येतात. अशांना घरात घ्यायचं म्हणजे स्वतःच्या हातांनी घर लुटायला देणं.

बाहेर रायबोसोम बसलेले असतात. वाचायचं काम त्यांचं. ते नकलेतली अक्षरं तीन-तीन करून वाचतात. प्रत्येक तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल ठरलेलं असतं आणि ते घेऊन छोटे हमाल येतात. तेही आरएनएचेच बनलेले. त्यांच्या अंगावर तीन अक्षरांचा बिल्ला असतो. बिल्ला नकलेशी जुळला तर माल उतरवून घ्यायचा, नाही तर आल्या वाटेने परत. असे मण्याला मणी जोडत माळ तयार होते, माळ आपसूक घड्या घालून बसते आणि प्रथिन तयार होतं.

रायबोसोम कष्टाळू आहेत, पण फार भाबडे आहेत. 'बदक मगर गवत' लिहिलेलं असताना पहिला 'ब' गळाला, तर ते 'दकम गरग वत' असं निमूटपणे वाचत जातील. हे काय चाललंय असं एकाच्याही मनात येणार नाही. म्हणून पहारा लागतो. नकलेत 'थांबा' ही खूण भलत्याच ठिकाणी आली, की काहीतरी गळालंय असं धरून पहारेकरी ती नक्कल फाडून टाकतात. मूळ मजकूर आत शाबूत असतो, त्यावरून दुसरी काढता येते. माझं आयुष्य असं शंका घेण्यात आणि पुन्हा मागवण्यात गेलं.

आता मिस्त्रीबद्दल. तो पत्र्याच्या पेट्या करायचा. रस्त्याला लागून एक अरुंद दुकान होतं. त्यात पत्रा आखायचा, कापायचा, लोखंडी दांड्यावर वाकवायचा आणि कडा ठोकून बसवायच्या. त्याच्या पेटीचं झाकण एका बोटाने लागायचं आणि आत मुंगीला शिरायला फट नसायची. लोक लांबून येऊन पेट्या घेऊन जायचे, झाकणावर हात फिरवून वाहवा करायचे. त्याच्या हातांचं कौतुक झालं, डोळ्यांचं झालं. कानाचं कुणी नावही काढलं नाही. दिवसभर पत्र्यावर हातोडा पडत होता आणि आमच्या दोऱ्या तुटत होत्या. तो झोपला की आम्ही नकला काढून नव्या दोऱ्या वळायचो. त्याची बायको त्याला रोज कापसाचे बोळे द्यायची. तो ते खिशात घालायचा आणि खिशातच ठेवायचा.

नळीच्या तोंडाशी बसणाऱ्यांना पहिला फटका बसला. शिट्टी टिपणाऱ्या गेल्या. मग 'स' टिपणाऱ्या, मग 'श'वाल्या. त्यांच्यातली एक माझी फार लाडकी होती. बायकोच्या हयातीत मिस्त्रीला हे कळलंही नाही, कारण ती बोलायला लागली की समोरच्या दुकानातही ऐकू जायचं. ती गेली आणि घरात मुलगा आणि सून उरले. दोघंही हळू बोलणारे.

मधल्या काळात मेंदूने एक नवीनच धंदा सुरू केला होता. आम्ही पाठवलेल्या निरोपात जी जागा रिकामी असेल ती तो स्वतःच्या मनाने भरायचा. आमच्याकडून '...हर' गेलं की तो 'शहर' करायचा, '...खर' गेलं की 'साखर'. सुरुवातीला बरंच जमायचं. मला मात्र तेव्हापासूनच हा मेंदू पटत नव्हता. विचारल्याशिवाय भर घालणारा कारकून आज साखर घालील, उद्या काय घालील ते सांगता येत नाही.

आणि तसंच झालं. समोरच्या दुकानातले लोक हसले की मिस्त्रीला वाटायचं, आपल्यालाच हसतायत. सून फोनवर बोलताना पाठमोरी झाली की वाटायचं, आपलीच चहाडी चाललीय. त्याचे कान कुणी भरत नव्हतं. त्याचा कान जड झाला होता आणि त्यापायी तो हलक्या कानाचा झाला होता.

एका संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत बसला होता. स्वयंपाकघरात नळ चालू होता. मुलगा बायकोला काहीतरी सांगत होता, तेही दबक्या आवाजात. मिस्त्रीने कानोसा घेतला. त्याला ऐकू आलं ते असं: "बाबांना आता आश्रमच बरा. मी बोलून आलोय. एवढ्यात त्यांना सांगू नकोस."

मिस्त्री उठला. जेवला, ताट उचलून ठेवलं आणि आडवा झाला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याने चांगल्यातला पत्रा काढला आणि स्वतःसाठी पेटी करायला घेतली. कुणी हाकलण्याआधी आपण होऊन निघायचं असं त्याने ठरवलं होतं. आजवर त्याने रागाने पेटी केली नव्हती. हातोडा असा पडत होता की माझे केस मुळापासून हलत होते. दोरी वळून होईपर्यंत पुढची तुटत होती. घाईत नकला काढाव्या लागल्या, त्यांतल्या कितीतरी चुकीच्या निघाल्या आणि फाडाव्या लागल्या. माझ्या उजव्या बाजूची शेजारीण त्याच आठवड्यात गेली. मला माझं मरण समोर दिसत होतं. संशयामुळे तो ठोकत होता, ठोकल्यामुळे आणखी बहिरा होत होता आणि बहिरेपणातून नवे संशय निघत होते. मी संशयाची एवढी भक्त, पण असला संशय मला भयंकर वाटला.

पेटी घेऊन तो घरी आला आणि कपडे भरायला बसला. सून दारात येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. कुठे निघालात म्हणून तिने विचारलं.

"तुम्ही पोचवण्याआधी मीच जातो," मिस्त्री म्हणाला.

"आम्ही कुठे पोचवणार तुम्हाला?"

"आश्रमात. बोलून आलाय ना तुझा नवरा? माझ्या या कानांनी ऐकलंय मी."

माझा झुपका ताठ झाला. या कानांनी म्हणजे माझ्या साक्षीने! मित्रांनो, मी कधीही न दिलेली साक्ष माझ्या नावावर खपवली जात होती. त्या संध्याकाळी माझ्याकडून 'आ' गेला होता, मग आणखी एक 'आ' गेला होता, आणि पलीकडच्या पेशीने 'म' पाठवला होता. 'श' पाठवायला त्या जागेवर कुणी जिवंतच नव्हतं. तो 'श' मेंदूने घातला होता, आणि तो त्याने मिस्त्रीच्या भीतीतून उचलला होता. त्याने ना मूळ पाहिलं, ना दुसरी नक्कल मागवली. माझ्या कारखान्यातला साधा पहारेकरीसुद्धा असं काम करणार नाही.

सुनेला रडू आलं नाही, ती भांडलीही नाही. ती नुसती गोंधळली. मग त्या संध्याकाळचं बोलणं आठवून तिने विचारलं, "बाबा, मी आता काय म्हणते ते सांगा." ती त्याच्या पाठीमागे गेली आणि म्हणाली, "आराम."

"आश्रम," मिस्त्री म्हणाला.

ती पुन्हा तेच म्हणाली. तो पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा ती पुढे येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याला आपल्या तोंडाकडे बघायला सांगितलं. 'रा' म्हणताना तिने तोंड चांगलं उघडलं. मिस्त्री बराच वेळ बघत राहिला.

"आराम," तो म्हणाला.

एवढ्यात मुलगा आला. त्याला सगळं सांगावं लागलं. दुकानात ठोकायच्या कामाला एक माणूस बघितलाय, बाबांनी आता आखायचं आणि कापायचं, कानांना आणि खांद्यांना आराम द्यायचा, असं त्या संध्याकाळचं बोलणं होतं. मिस्त्रीच्या कपाळावरची शीर फुगली. माझ्या दुकानाचं माझ्यामागे ठरवलंत, असं तो म्हणाला. सून म्हणाली की हो, ठरवलं, तुम्ही रागवाल म्हणून हळू बोललो, आणि तिथेच आमचं चुकलं. म्हणजे संशय अगदीच निराधार नव्हता. खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं.

मिस्त्री भरलेल्या कपड्यांकडे बघत होता. मग मान वर न करता म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

"कधीपासून, बाबा?"

"तुझी सासू होती तोवर येत होतं."

सुनेने पेटीतले कपडे एक-एक करून बाहेर काढले.

आता ठोकायला दुसरा माणूस आहे आणि त्याच्या कानांवर जाड झाकणं आहेत. ती त्याने काढली की मिस्त्री खेकसतो. कानाच्या डॉक्टरांनी मिस्त्रीला एक यंत्र दिलंय. त्याच्यावर माझा अजून विश्वास नाही. ते सगळंच मोठ्याने ओरडतं, जिथे कुणी उरलेलं नाही तिथेही ओरडतं. पण 'आ' चांगला येतो, तो मी घेते.

मित्रांनो, एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही. ती माझी 'श'वाली कशी घडवायची, ते माझ्या बंद खोलीत अक्षर न् अक्षर लिहिलेलं आहे. तिच्या केसांचा झुपका, तिच्या दोऱ्या, सगळं. पण नवी पेशी घडवायची पानं माझ्यात उघडत नाहीत. त्यांची नक्कल निघत नाही आणि तिची जागा भरत नाही. म्हणून सांगते, कापूस खिशात ठेवू नका, कानात घाला. आणि संशय आला तर येऊ द्या, मात्र तो घेऊन गप्प बसू नका. माझ्या नकलेचं मूळ माझ्या खोलीत असतं. तुम्ही ऐकलेल्या शब्दाचं मूळ तो बोलणाऱ्या माणसाकडे असतं. ते त्याच्याकडे जाऊन मागावं लागतं.

परवा सून आतून काहीतरी म्हणाली. माझ्याकडे एक 'आ' आला, तो मी वर पाठवला. मेंदूने लगेच भर घालायला सुरुवात केली होती. पण मिस्त्री उठला, आत गेला, तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "परत म्हण."